कर्जमाफीचा पैसा कोण भरतो? निर्मिती, पाप आणि क्षमा: ख्रिस्ती विश्वास साध्या भाषेत

गोंदियातून बोलतेय. हा आपल्या नव्या भागाचा लिखित मजकूर. बसमध्ये आवाज नीट येत नाही, नेट पुरत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणंच बरं वाटतं, अशांसाठी दर वेळी देते तसाच. बोलताना मी जिथे भरकटले तिथे थोडं सरळ केलंय, बाकी आहे तसं ठेवलंय.

नाताळाच्या भागानंतर तुमचे खूप मेसेज आले. त्यातले दोन डोक्यातून जाईनात. पहिला असा: "ताई, तुमचं ख्रिश्चन लोकांचं बरं आहे. आठवडाभर काहीही करा, रविवारी चर्चमध्ये जाऊन माफी मागा, झालं पाप साफ!" पुढे हसणारे दोन इमोजी. दुसरा एका मुलीचा व्हॉइस मेसेज होता, अगदी हळू आवाजातला. तिला चर्चमध्ये कुणीतरी सांगितलंय की घरच्या माणसाला सत्तर गुणिले सात वेळा माफ करायचं असतं, तशी येशूची आज्ञाच आहे. तिचा प्रश्न एवढाच होता: "त्यानं हात उचलला तरी?"

पहिल्याला माफी फार स्वस्त वाटतेय आणि दुसरीला ती फार महाग पडतेय. मी ख्रिस्ती घरात वाढले, हे शब्द लहानपणापासून ऐकतेय, आणि माझं मत आहे की या दोघांच्याही कानावर अर्धीच गोष्ट पडलीय. म्हणून आज पूर्ण सांगते. कुणाला धर्म पटवायला बसलेली नाहीये. आपल्या श्रोत्यांमध्ये हिंदू आहेत, बौद्ध आहेत, माघ पौर्णिमेला कचारगडला जाणारे गोंड मित्र आहेत, त्यांची स्वतःची उगमकथा आहे. शेजाऱ्याच्या घरात काय मानतात हे नीट माहीत असावं, इतकाच हेतू.

बायबल सुरू होतं ते निर्मितीपासून. पहिल्या पुस्तकाचं मराठी नावच 'उत्पत्ती'. देव सहा दिवसांत जग घडवतो आणि सातव्या दिवशी विसावा घेतो, एवढं बहुतेकांना माहीत असतं. ही कथा मराठीला काही नवी नाही बरं का. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्यानं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! १६१६ साली ते छापलं गेलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच जगाच्या निर्मितीची ही बायबलमधली कथा मराठी ओवीत आलेली होती.

आता प्रश्न येतोच, विज्ञानाचं काय? सहा दिवस म्हणजे खरोखर चोवीस तासांचे सहा दिवस का? यावर ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही. काही जण अक्षरशः तसंच मानतात. पण हे दिवस सूर्याच्या घड्याळानं मोजायचे नाहीत, असं म्हणणारेही फार जुन्या काळापासून आहेत. संत ऑगस्टीननं सोळाशे वर्षांपूर्वी हा विचार मांडला होता. आणि आज आपण ज्याला 'बिग बँग' म्हणतो त्या कल्पनेची सुरुवात करून देणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरूच होता. विश्व प्रसरण पावतंय असं त्यानं १९२७ मध्ये मांडलं, आणि ते सगळं एका आदिअणूतून सुरू झालं असावं हे १९३१ मध्ये. तेव्हा 'बायबल की विज्ञान' ही कुस्ती लावायची तर लावा, मला तीत फारसा रस नाही. माझ्या मते त्या कथेचा मुद्दाच वेगळा आहे.

मुद्दा हा की माणूस कशासाठी आहे. त्या काळी शेजारच्या बॅबिलोनमध्ये जी निर्मितिकथा सांगायचे, तिच्यात एका मारलेल्या देवाच्या रक्तातून माणूस घडवला जातो. कशाला? तर देवांची ढोरमेहनत करायला. आणि देवाची प्रतिमा वगैरे मान असायचा तो राजाला. उत्पत्तीची कथा यापेक्षा फार वेगळं बोलते. प्रत्येक माणूस, बाई असो की पुरुष, देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे. राजा असो की रोवणीला आलेली मजूर, दोघांवर एकच शिक्का. आणि माणसाला बागेत ठेवलं जातं ते दोन कामांसाठी: तिची मशागत करायची आणि तिची राखण करायची. आपल्याकडे सारस पक्षी धानाच्या बांधीत घरटं करतो, आणि काही शेतकरी तेवढा तुकडा न कापता सोडून देतात. राखण म्हणजे काय ते यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

यातून एक मोठी गोष्ट निघते. लक्ष्मीबाई टिळकांचं नाव शाळेत ऐकलं असेल, 'स्मृतिचित्रे'वाल्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई झाल्या नव्हत्या. पुढे नवऱ्याबरोबर पुन्हा राहायला लागल्या तरी त्यांनी सोवळं-ओवळं सोडलं नव्हतं. मग स्वतःच विचार करत करत त्या इथवर आल्या की माणूस देवानं केला, जाती माणसानं केल्या. निर्मितीवरचा विश्वास पुस्तकातून उतरून स्वयंपाकघरात आला की असा दिसतो. (आपल्या देशात जात पाळणारी चर्चं आहेत, हेही इथेच सांगून टाकते. विश्वास एक आणि वागणं दुसरं, यात आम्हीही मागे नाही.)

आता पाप. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर सफरचंद येतं. पण बायबलमध्ये सफरचंद नाहीच, फळाचं नावच दिलेलं नाही. आणि ते पाप शरीरसंबंधाचंही नव्हतं, ती समजूतही सोडा. आदाम आणि हव्वा यांना एक झाड सोडून बाकी सगळं मोकळं होतं. त्यांनी तेच फळ खाल्लं, कारण सापानं त्यांच्या मनात भरवलं की देव तुमच्यापासून काहीतरी लपवतोय, तुम्हीच देवासारखे व्हा. म्हणजे आधी विश्वास तुटला, मग नियम मोडला.

पुढचं मात्र मला फार ओळखीचं वाटतं. दोघं झाडांआड लपतात. देव विचारतो, कुठे आहेस? मग आदाम म्हणतो, हिनं दिलं. हव्वा म्हणते, सापानं फसवलं. एकही जण "मी केलं" एवढं म्हणत नाही. 'लास्ट सीन' बंद करून बसणारी आणि दुसऱ्यावर ढकलणारी माणसं, हजारो वर्षांपूर्वीची! बागेतून त्यांना बाहेर काढलं जातं, पण त्याआधी देव त्यांच्यासाठी कपडे करतो. हा तपशील पुष्कळ जण वगळतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण शिक्षा आणि काळजी एकाच ओळीत उभी आहेत.

हिब्रू भाषेत पापासाठी निदान तीन वेगळे शब्द आहेत. एकाचा मूळ अर्थ नेम चुकणं, दुसऱ्याचा वाकडं होणं, तिसऱ्याचा बंड करणं. मराठीत आपण तिन्हीला पाप म्हणून टाकतो, त्यामुळे पाप म्हणजे फक्त 'नियम मोडला' असं वाटायला लागतं. ख्रिस्ती विचारात पाप हे आधी नात्यातलं बिघडणं आहे: देवाशी, माणसाशी, जमिनीशी आणि स्वतःशीही.

'मूळ पाप' म्हणतात ते काय? दोघांनी केलं, मग मी का भोगू? रास्त प्रश्न. आपल्या मामा तलावांकडे पाहा. मामा म्हणजे माजी मालगुजारी, नात्यातला मामा नव्हे. इंग्रजांच्या काळातल्या मालगुजारांच्या ताब्यातले हे जुने तलाव गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगावी आहेत. त्यांत वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. आज तुमच्या गावच्या तलावात पाणी कमी राहतं, तर तो गाळ काही तुम्ही टाकलेला नाही. पण तुम्ही जन्मलात ते त्याच तलावाच्या काठी, पाणी तुम्हालाच कमी पडतंय, आणि तुम्हीही त्यात थोडी माती लोटताच. मूळ पाप समजून घ्यायला मला हे उदाहरण बरं वाटतं. दोष बापाकडून पोराला कसा येतो, येतो की नाही, यावर ख्रिस्ती परंपरांमध्ये मतभेद आहेत. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चं वारशानं दोष येतो असं मानत नाहीत, बिघाड आणि मरण येतं असं मानतात. पण "मी एकदम कोऱ्या पाटीवर जन्मलोय" असं मात्र कुणीच म्हणत नाही.

कर्माच्या विचाराशी याची तुलना लोक करतात. ढोबळ फरक सांगते. कर्माच्या विचारात ज्याचं त्यानं फेडायचं असतं, याच जन्मी नाहीतर पुढच्या. ख्रिस्ती विचार म्हणतो की हे कर्ज माणसाच्या फेडण्यापलीकडचं आहे, ते दुसऱ्या कुणीतरी सोडल्याशिवाय सुटत नाही. आणि इथेच क्षमा येते.

'कर्ज' हा शब्द मी माझ्या मनानं घुसवला नाहीये. येशूनं शिकवलेली प्रार्थना मराठी चर्चमध्ये म्हणतात तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानानुसार त्यात 'ऋण' हाच शब्द येतो. आमचं ऋण सोड, आम्हीही आमच्या ऋणकोंचं सोडतो, अशा अर्थाचं मागणं. येशू जी अरामी भाषा बोलायचा तिच्यात कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालायचा.

ही प्रार्थना ज्या भागात आहे त्याला डोंगरावरचं प्रवचन म्हणतात, मत्तयचे ५ ते ७ हे अध्याय. याच प्रवचनानं नारायण वामन टिळकांना धरलं. १८९० नंतरची गोष्ट. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. म्हणजे आपल्या गोंदियावरूनच जाणारी लाइन. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, काव्यावर, धर्मावर. उतरताना त्यानं टिळकांना बायबल दिलं, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असंही सांगितलं. टिळकांना ते तेव्हा काही पटलं नाही. पण वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले ते तिथून हलेनात. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी लिहिलेली भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात.

त्या प्रवचनात असं काय आहे? शत्रूवर प्रेम करा, देवळात अर्पण घेऊन गेलात आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेवा, आधी भावाशी समेट करा. पहिल्या मेसेजवाल्या दादा, हे तुझ्यासाठी. रविवारी चर्चमध्ये येऊन मोकळं होण्याची सोय येशूनं ठेवलेलीच नाही. तो म्हणतो, आधी उलट फिर, ज्याला दुखावलंस त्याच्या घरी जा.

आता मत्तयच्याच १८ व्या अध्यायातला दृष्टान्त. एका राजाचा चाकर त्याला दहा हजार तालांत देणं लागतो. आपण हा आकडा वाचतो आणि पुढे जातो. जरा हिशेब करू. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. आपण रोजी ३०० रुपये धरू. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम मिळालं तरी फेडायला दोन लाख वर्षं. रुपयांत १,८०० कोटी! चाकर पाया पडतो, थोडी मुदत द्या, सगळं फेडतो म्हणतो. राजाला दया येते आणि तो सगळंच सोडून देतो.

तोच चाकर बाहेर पडतो. त्याला दुसरा एक चाकर भेटतो, जो त्याचं शंभर दिनार देणं लागतो. आपल्या हिशेबानं ३०,००० रुपये. लक्षात घ्या, ही रक्कमही छोटी नाही. तीन महिन्यांहून जास्तीची कमाई आहे, कुणालाही ती सोडणं जड जाईल. पण १,८०० कोटी नुकतेच सुटलेला हा गडी त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाला कळतं, आणि मग या पहिल्याचं काही खरं नाही.

आता आपल्या शब्दावर येऊ: कर्जमाफी. महाराष्ट्रात २०१७ साली दीड लाखापर्यंतची माफी जाहीर झाली, २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी त्या यादीत नाव आलंय का म्हणून सोसायटीच्या चकरा झाल्या असतील! आता सांगा, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला तेव्हा बँकेचा पैसा हवेत विरला का? नाही. सरकारच्या तिजोरीनं तो भरला. कर्ज माफ होतं म्हणजे ते कुणाच्या तरी खात्यात जाऊन बसतं. राजानं १,८०० कोटी सोडले म्हणजे राजाला १,८०० कोटींचा फटका बसला.

ख्रिस्ती लोक क्रूसाबद्दल जे मानतात त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे. देव पापाकडे कानाडोळा करत नाही, "जाऊ दे, चालतं" असं म्हणत नाही. त्याची किंमत तो स्वतः, येशूच्या मरणात, सोसतो. ही किंमत नेमकी कशी आणि कुणाला दिली यावर हजार-दीड हजार वर्षं वाद झालेत. कुणी ती खंडणी मानली, अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्म नावाच्या बिशपनं ऋण फेडण्याची मांडणी केली, त्याच्या पाठोपाठ अबेलार्डनं सांगितलं की ते प्रेम पाहून माणसाचं मन वळतं, ही खरी गोष्ट. या वादात आज शिरत नाही. सगळ्यांत समान धागा एकच: माफी फुकट मिळते, पण ती फुकट तयार होत नाही.

म्हणूनच स्वस्त माफीची सगळ्यात कडक टीका ख्रिस्ती लोकांनीच केलीय. डीट्रिख बोनहोफर नावाचा जर्मन पाळक होता. १९३७ मधल्या आपल्या पुस्तकात त्यानं 'स्वस्त कृपा' हा शब्द वापरला: मागे फिरायचं नाही, काही बदलायचं नाही, आणि माफी मात्र पाहिजे. हिटलरला विरोध केला म्हणून ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा कर वसूल करणारा आहे, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. धान घेताना काट्यावर मारणाऱ्या व्यापाऱ्यानं माफी मागायची म्हटली तर ती अशी दिसेल. कॅथलिक चर्चमध्ये फादरकडे पापांची कबुली देतात, फादरला ती कुणापुढेही उघड करता येत नाही. पण चोरी कबूल केली तर चोरलेलं परत करणं हे त्याच्या पश्चात्तापाचा भागच असतं. प्रोटेस्टंट लोक थेट देवापुढे कबुली देतात. पद्धत वेगळी, परतफेड दोन्हीकडे.

आता दुसरा मेसेज. ताई, तुझा.

तो 'सत्तर गुणिले सात'वाला आकडा मत्तयच्या १८ व्या अध्यायातच आहे, वरच्या दृष्टान्ताच्या लगेच आधी. (काही भाषांतरांत तो सत्त्याहत्तर असाही येतो.) पण हा आकडा सांगणारे त्याच अध्यायाचा आधीचा भाग सांगत नाहीत, आणि मला याचा राग येतो. अध्याय सुरू होतो लहान मुलाला मध्ये उभं करून. जो अशा लहानग्याला अडखळवतो, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, इतकं कडक बोलणं तिथे आहे. मग येतं की तुझ्या भावानं तुझा अपराध केला तर त्याला एकट्याला गाठून दोष दाखव. ऐकलं नाही तर दोन-तीन साक्षीदार घेऊन जा. तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांड. तिथेही ऐकलं नाही तर त्याला बाहेरचा समज. एवढं सगळं झाल्यावर सत्तर गुणिले सात. म्हणजे हा अध्याय दुबळ्याच्या बाजूनं उभा आहे. "गप्प बस, सहन कर" हे त्यातून काढायचं तर अर्धी पानं फाडावी लागतील.

क्षमा करणं म्हणजे गुन्हा लपवणं नव्हे. ओडिशातल्या मनोहरपूरची घटना तुमच्यापैकी अनेकांच्या जन्माआधीची असेल. बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपले असताना जाळले गेले. जानेवारी १९९९. ग्रॅहमच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. पण खटला चालला, दारासिंगला झालेली जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. माझी क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, कायदा त्याच्या वाटेनं जाईल, अशीच ग्लॅडिसची भूमिका होती. मनातला सूड सोडणं हे त्यांच्या हातात होतं. न्याय करणं त्यांचं काम नव्हतं, आणि ते त्यांनी रोखलंही नाही.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली गोष्ट याहून पुढे जाते. केरळच्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात भूमिहीन आणि आदिवासी लोकांना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला भर बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे वार झाले. मारेकरी समंदरसिंग जन्मठेपेवर गेला. २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेच्या अर्जाला घरच्यांनीच पाठिंबा दिला, २००६ मध्ये तो सुटला. नीट पाहा, कशानंतर? सात वर्षांनी, शिक्षा सुरू असताना, त्याला पश्चात्ताप झालेला असताना. राखी बांधायला तिला कुणी ढकललं नव्हतं.

म्हणून क्षमा आणि समेट या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवते. क्षमा एकटी व्यक्ती करू शकते, मनातून, तिला जमेल तेव्हा. समेटाला दोघं लागतात, आणि दुसरा बदलल्याशिवाय तो होत नाही. मारणाऱ्याला माफ केलं तरी त्याच घरात, त्याच खोलीत परत जायलाच पाहिजे असं बायबल म्हणत नाही.

आणि क्षमेला वेळ लागतो. लक्ष्मीबाईंचंच पाहा. नवऱ्यानं त्यांना न सांगता धर्म बदलला, संसार मोडला, चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नंतर एकत्र आल्या, १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' छापून आली तेव्हा त्यात टिळकांचा रागीट स्वभाव, विसराळूपणा, त्यांच्यामुळे झालेले हाल, सगळं लिहिलेलं आहे. हसत हसत लिहिलंय, पण काहीही झाकलेलं नाही. मी वाचलेल्या प्रवचनांपेक्षा मला हे पुस्तक क्षमेबद्दल जास्त सांगतं.

ताई, तुला मी वेगळं उत्तर पाठवलं आहे, पण तुझ्यासारखं कुणी ऐकत असेल तर त्यांच्यासाठी इथेही लिहिते. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१, तातडीचा धोका असेल तर ११२, आणि मूल अडचणीत असेल तर १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, त्यासाठी नवऱ्यापासून वेगळं झालेलं असावं लागत नाही. आणि चर्चमधलं कुणी सत्तर गुणिले सात ऐकवायला आलं, तर त्याला विचारा: अध्याय १८, पंधरावी ओवी वाचलीय का? ती वाचून मग बोलू.

पुढच्या भागात स्वर्ग-नरकाचा विषय घ्यावा असं तिघा-चौघांनी सुचवलंय, बघते. प्रश्न व्हॉइस नोटनंच पाठवा, टाइप केलेले वाचायला मला वेळ लागतो. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका.